वाचकांचे प्रश्न : सर्कल बरे की सिग्नलचा चौक?

प्रश्न : मी विश्रामबागेत राहतो आणि गेली बावीस वर्षे स्वतः गाडी चालवत रोज मिरजेला जातो. माझा मुलगा परदेशातील रस्ते पाहून आला असून सिग्नल काढून सगळीकडे सर्कल करावेत, असे त्याचे म्हणणे आहे. मला मात्र सर्कल आले की धडकी भरते. सिग्नलवर निदान कोणी कधी जायचे ते ठरलेले असते. आमच्यापैकी बरोबर कोण?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपले चिरंजीव जे पाहून आले ते सर्कल आणि आपल्याला ज्याची धडकी भरते ते सर्कल, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चौकाच्या मधोमध कठडा बांधून आत कारंजे किंवा पुतळा उभा केला की त्याला सर्कल म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. खरे सर्कल, म्हणजे वाहतूक बेट, कठड्यामुळे चालत नाही. ते एका नियमामुळे चालते. आत फिरत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे आणि बाहेरून शिरणाऱ्याने तोंडाशी थांबायचे, एवढाच तो नियम आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवत असल्यामुळे आत फिरणारे वाहन नेहमी आपल्या उजव्या हाताने येते; म्हणजे उजवीकडे पाहायचे, जागा मिळाली की शिरायचे. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात, समोरचा रस्ता मुख्य नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, हे आपल्याकडील १९८९ च्या रस्ता नियमांत लिहिलेलेच होते. ते परवाना काढताना पाठ केले जाते आणि परवाना हातात पडला की विसरले जाते.

हा नियम पाळला नाही तर काय होते, ते इंग्लंडने आपल्याआधी भोगले आहे. तेथे पहिल्या सर्कलांपैकी एक १९०९ च्या सुमारास लेचवर्थ गावात झाले, परंतु आतल्याला आधी वाट द्यायची हा नियम देशभर लागू व्हायला १९६६ साल उजाडले. तोवर बाहेरची वाहने आत घुसत, आतली अडत, अडलेल्यांमुळे बाहेर पडण्याची तोंडे बंद होत आणि संपूर्ण वर्तुळ जागच्या जागी गोठून जाई. संध्याकाळी सहाच्या सुमारास आपल्या कोणत्याही गर्दीच्या सर्कलवर उभे राहून पाहा, वेगळे काही दिसणार नाही. आडवी घातलेली रिक्षा, तिच्या पुढच्या चाकाला चिकटलेली मोटारसायकल, आणि काच खाली करून हात हलवत ‘अहो, मागे घ्या की’ म्हणणारा कारवाला. मागे घेणार कुठे, मागे एसटी उभी असते.

आता सुरक्षिततेविषयी. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहने एकमेकांना भिडू शकतील अशा जागा मोजल्या तर त्या ३२ भरतात, आणि त्यांतल्या १६ ठिकाणी वाहने एकमेकांना थेट आडवी जातात. एकच मार्गिका असलेल्या सर्कलमध्ये अशा जागा केवळ ८ उरतात आणि आडवे जाणे तर मुळातच संपते. सिग्नलवर आकडे उलटे मोजले जात असताना शेवटचे तीन सेकंद पाहून ॲक्सिलरेटर दाबणारा आणि पलीकडे हिरवा होण्याआधीच निघणारा यांची गाठ पडते ती काटकोनात, आणि तीही वेगात. सर्कलमध्ये वळणामुळे वेग आपोआप पंचवीस-तीसवर येतो, आणि धडक झालीच तर ती तिरकी, घासून जाणारी असते. बंपर जातो, माणूस सहसा वाचतो. अमेरिकेत साध्या चौकांचे सर्कलमध्ये रूपांतर केलेल्या २४ ठिकाणांच्या अभ्यासात माणसे जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटलेले दिसले.

आपल्या धडकीबद्दल सांगायचे तर त्यात आपण एकटे नाही. अमेरिकेतीलच कॅन्सस, मेरीलँड आणि नेवाडा या राज्यांतल्या तीन ठिकाणच्या वाहनचालकांना सर्कल होण्यापूर्वी विचारले तेव्हा जेमतेम ३१ टक्के लोक अनुकूल होते; सर्कल झाल्यानंतर काही काळाने हेच प्रमाण ६३ टक्क्यांवर गेले. रोज वापरल्यावर मत बदलते, हे खरे आहे, पण ते नियम पाळणाऱ्या गर्दीत बदलते. म्हणून माझा कौल असा : मध्यम रहदारीच्या आणि पुरेशा जागेच्या चौकात आपले चिरंजीव बरोबर आहेत, फक्त तोंडाशी वडापचा, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या जीपगाड्यांचा, थांबा आणि फळांचा गाडा नसावा. हा थांबा हटवता येणार नसेल तर आपला सिग्नल बरा.

प्रश्न : मी कारखान्यावर ऊस ओढतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लहान सर्कलवरून वळत नाही, मागची ट्रॉली कठड्यावर चढते आणि लोक आम्हालाच शिव्या देतात. सर्कल कशाला हवेत?
– एक ट्रॅक्टरचालक, वाळवा तालुका

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि दोष आपला नाही. वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागावरून जात नाही, ते आतल्या बाजूने कापत जाते. दुसऱ्या ट्रॉलीचे चाक पहिलीपेक्षाही आत जाते. याकरिता बेटाच्या कडेने जेमतेम दोन-तीन इंच उंचीचा, खडबडीत फरशीचा पट्टा ठेवण्याची रीत आहे. लहान वाहने खडखडाटामुळे त्यावर जात नाहीत आणि अवजड वाहनांची मागची चाके त्यावरून निर्धोक फिरतात. ज्या जिल्ह्यात हंगामाचे चार-पाच महिने रात्रंदिवस उसाची वाहने धावतात, तेथे हा पट्टा सोडून गुडघाभर उंच ग्रॅनाइटचा कठडा बांधणे याला सुशोभीकरण म्हणत असतील. मी तरी म्हणणार नाही. आपल्याकडून एकच अपेक्षा आहे : मागच्या ट्रॉलीला लाल दिवा आणि रिफ्लेक्टर असू द्या, कारण अंधारात बेटाला वळसा घालणारी ट्रॉली मागच्याला दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

प्रश्न : पोवई नाक्यावर एवढा खर्च करून ग्रेड सेपरेटर (चौकाखालून जाणारा रस्ता) करण्याऐवजी मोठे सर्कल पुरले नसते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर्कलच्या क्षमतेला मर्यादा असते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९७६ च्या मार्गदर्शिकेने सर्व बाजूंनी मिळून ताशी सुमारे ३००० वाहने ही ती मर्यादा धरली होती. त्यापुढे शिरणाऱ्याला फटच मिळत नाही. शिवाय मोठ्या सर्कलला लागणारी जागा भरवस्तीत दुकाने पाडल्याशिवाय मिळत नाही, आणि अखंड वाहणाऱ्या रहदारीतून एसटी स्टँडकडे पायी जाणाऱ्यांनी रस्ता ओलांडायचा कधी, हा प्रश्न उरतोच. थेट जाणारी वाहने जमिनीखालून काढली की वरच्या चौकावरचा भार हलका होतो. तो किती हलका झाला, हे सातारकरांनी मला कळवावे.

प्रश्न : स्कूटरवरून सर्कलमध्ये जाताना इंडिकेटर कोणता द्यायचा? आणि कडेने जावे की मधून?
– एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : डावीकडे वळायचे असेल तर आधीपासून डावा इंडिकेटर द्यावा. सरळ जायचे असेल तर शिरताना कोणताच नको. आपल्या रस्त्याच्या अलीकडचे तोंड ओलांडले की डावा द्यावा. उजवीकडे जायचे असेल तर शिरताना उजवा आणि बाहेर पडताना डावा. कडेला चिकटून जाणे सुरक्षित वाटते, पण बाहेर पडणारी वाहने नेमकी त्याच कडेवरून कापत जातात. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात सर्कल झाल्यावर सायकलस्वार जखमी होण्याचे अपघात वाढलेले आढळले. तेव्हा मार्गिकेच्या मध्यावर, मागच्याला स्पष्ट दिसेल असे राहावे, आणि पुढे ट्रक किंवा बस असेल तर तिच्या डाव्या बाजूच्या फटीत स्कूटर कधीही घालू नये, कारण तेथे आपण तिच्या चालकाला आरशातही दिसत नाही.