राकूच्या भट्टीत बैलाचे पाय का तुटतात

प्रश्न थोडक्यात असा: ताई नागभीडकडच्या. घरी वडिलांचं चाक आणि आवा आहे, स्वतः शिल्पकला शिकून गावी परतल्या आहेत. गावतळ्याच्या मातीचे पोळ्याचे बैल करून राकू करतात, म्हणजे ग्लेझ (काचेसारखा लेप) लावलेलं काम भट्टीतून लाल असतानाच बाहेर काढून भुशाच्या धुरात निववतात. भट्टीतून लालभडक बैल सांडशीने उचलला की पाय खांद्यापाशी तुटतात, पाठीवर तडा जातो. कुणीतरी सल्ला दिला की ही माती फेका, गुजरातची तयार माती मागवा. शिवाय दोन शंका: तांब्याची चमक काही महिन्यांत का उडाली, आणि राकूचे कप चहासाठी विकले तर चालतील का.

ताई, माती फेकू नका. तयार माती वाईट नसते, पण ती स्टोनवेअरसाठी (जास्त तापवून घट्ट भाजायच्या भांड्यांसाठी) बनवलेली असेल तर राकूत तीही तडकेल, वर ट्रान्सपोर्टचा भुर्दंड. राकूला लागते ती साडेनऊशे अंशांवरून काही सेकंदांत उघड्या हवेत आली तरी तग धरणारी माती. बारीक, चिकण, घट्ट मातीला हे सोसत नाही. खरबरीत, आतून मोकळ्या मातीला सोसतं. तुमच्या वडिलांना विचारा, मडक्याच्या मातीत लीद, राख, रेती कशाला घालता म्हणून. चुलीवर बुडाशी जाळ आणि काठाला वारा असतानाही मडकं टिकावं, हाच हिशेब आहे. तुम्ही तोच हिशेब जास्त ताणताय, एवढंच. कॉलेजात ग्लेझची वही भरते, मातीकडे कुणी बघत नाही, आणि मग पोरं घरच्या जाणकाराला सोडून इंटरनेटवर माती शोधत बसतात. असो.

तळ्याच्या नुसत्या गाळाचा बैल तुटणारच. गाळ फार बारीक असतो, आकसतो खूप. त्यात खापरांचा चुरा घाला. वडिलांच्या आव्यात फुटलेली मडकी असतीलच, ती खलबत्त्यात कुटा. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि पिठाच्या चाळणीत अडकून राहील तेवढाच चुरा घ्यायचा. अगदी पीठ झालेला चुरा काही कामाचा नाही, मोठे खडे राहिले तर बैलाच्या तोंडावरचं बारीक काम बिघडतं. कुटताना नाकाला मास्क लावा, ही धूळ छातीत बसते.

सुरुवातीला शेकडा ४५ फायर क्ले (फार उष्णता सोसणारी माती), २५ गाळ, २० खापरचुरा, १० कायनाइट (एक खनिज) असं धरा. फायर क्ले तुमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळशाच्या पट्ट्यात निघते. भद्रावतीला सिरॅमिकचं काम जुनं आहे, तिथल्या ग्रामोदय संघ या कुंभारकामाच्या संस्थेच्या आसपास चौकशी केली तर कुठून घ्यायची ते कळेल. कायनाइटचे साठे शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहेत. ते कमी फुगतं, कमी आकसतं, म्हणून देशोदेशीचे राकूवाले ते मुद्दाम मातीत घालतात. नाहीच मिळालं तर चुरा ३० करा. नदीची रेती घालून भागवू नका. रेतीतला क्वार्ट्‌झ ५७३ अंशांवर एकदम फुगतो आणि थंड होताना त्याच अंशावर आकसतो. मडकं आव्यात सावकाश निवतं म्हणून त्याला चालून जातं. तुमचा बैल तो टप्पा बाहेर हवेत, काही मिनिटांत ओलांडतो.

कपाशीच्या वावरातली काळी माती मात्र चिमूटभरही नको. पाण्यात फुगते, वाळताना भेगाळते, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. गाळातही ते येऊ शकतात. भाजल्यावर असा खडा हवेतली ओल ओढून फुगतो आणि वरची टिकली उडवतो, कधी कधी काम विकून आठवडे झाल्यावर. गाळाच्या ढेकळावर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचे थेंब टाकून बघा, फसफसलं तर चुना आहे. मग गाळ पातळ कालवून पिठाच्या चाळणीतून गाळून घ्यायचा.

आता बैल. मातीइतकाच, किंबहुना जास्त, घोळ इथे आहे. तुमच्या फोटोत पाय भरीव दिसतात आणि पोट पोकळ. बाहेर काढल्यावर पोटाची भिंत झटकन निवते, पाय आतून लालच असतात. दोघांची ओढाताण होते ती खांद्याच्या जोडावर, तुटतं तिथेच. पाय नळीसारखे पोकळ करा, भिंत सगळीकडे आठ-दहा मिलिमीटर ठेवा, पायाची पोकळी पोटाच्या पोकळीला जोडा, आणि पोटाखाली हवेसाठी बोट जाईल एवढं भोक ठेवा. जोडाच्या आत टोकदार कोपरा राहू देऊ नका, बोटाने गोल करून घ्या. शिंगं तशीही धोक्याचीच. ती मागे वळवून मानेला टेकवलीत तर निभावतात. बसलेला बैल करून बघा असंही मी म्हणेन. चार काड्यांवर उभा बैल लाकडाच्या नंदीला शोभतो.

दुसरं, तुम्ही सांडशी वशिंडावर लावता. त्या वेळी सगळं वजन त्या एका उंचवट्यावर येतं, आणि थंड लोखंड लाल मातीला चिमटा घेतं. शिल्पासाठी उलटं करा: बैल हलवू नका, भट्टी हलवा. दोनशे लिटरच्या ड्रमचं बूड कापून आत एक इंची सिरॅमिक फायबर (उष्णता अडवणारी लोकरीसारखी चादर) लावलं की भट्टी झाली. हा ड्रम विटांच्या ओट्यावर बैलावरून टोपीसारखा ठेवायचा आणि वेळ झाली की वरच्या आडव्या पाइपाला लावलेल्या कप्पीने सरळ वर उचलायचा. बैल जागेवरच. भोवती भुसा टाकायचा, वरून टिनाचं पिंप पालथं घालायचं, कडेला ओली रेती लोटायची. दोन माणसं लागतात, आणि कोण काय करणार ते भट्टी पेटवायच्या आधी ठरवून, थंड ड्रमवर एकदा तालीम करून घ्यावी. फायबर कापताना चांगला मास्क हवाच. वापरून जुनं झालेलं फायबर जास्त वाईट.

आधी बैल आव्यात किंवा भट्टीत सावकाश भाजून घ्या, ९५० ते १०००. ग्लेझ लावल्यावर पूर्ण वाळू द्या. राकूच्या भट्टीत पहिले सहाशे अंश हळू, मग जोर. पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र) असेल तर उत्तम, पण निर्णय डोळ्यांनीच घ्यायचा. ग्लेझ आधी पिठलं खदखदावं तसं फुगतं, बुडबुडे येतात. ते बसले आणि पृष्ठभाग ओल्या काचेसारखा सलग चमकला की झालं. घाई केली तर बुडबुड्यांचे खड्डे कायमचे राहतात.

पांढऱ्या ग्लेझवर काळ्या रेघांचं जाळं हवं असेल तर भट्टी उचलल्यावर पंधरा-वीस सेकंद थांबा. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, टिंग टिंग आवाज येतो, त्या तड्यांत मग धूर शिरतो. गाळामुळे तुमची माती लाल भाजेल, त्यावर पांढरं मळकं दिसतं. आधी चायना क्लेचा (पांढऱ्या मातीचा) पातळ हात द्या. तांब्याची झळाळी हवी असेल तर मुळीच थांबायचं नाही, लगेच झाकायचं. भुसा आरामशीनवरचा, सागाचा कोरडा घ्या. प्लायवुडचा नको, त्यातल्या गोंदाचा धूर विषारी. धानाचं तूस ग्लेझला चिकटतं आणि त्याची राख खरखरीत राहते. पळसाची वाळकी पानं भुशाच्या आधी टाकून बघा, ग्लेझवर छान ठसे उठतात.

तुम्ही लिहिलंय की लहान बैल पाण्यात बुडवता. बुडवू नका. पाण्याने रंग पक्का होतो हे खरं, पण शिल्पाला तो धक्का झेपत नाही. पिंपाखाली पूर्ण निवू द्या.

चमक उडाली त्यात तुमची चूक नाही. झाकलेल्या पिंपात भुसा जळायला हवा पुरत नाही, तो तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढतो आणि पृष्ठभागावर धातूचं तांबं उरतं. पुढे हवेने ते पुन्हा ऑक्साइड होतं, लाल-निळं जाऊन हिरवट किंवा काळपट येतं. तांबं जास्त आणि फ्रिट (वितळवून दळलेली काच) कमी असलेला मॅट थर लवकर जातो, काचेसारखं ग्लेझ जास्त टिकतं. वरून लॅकर मारला तर वेळ वाढते, पण झळाळी थोडी मरते. गिऱ्हाइकाला आधीच सांगा, उन्हात आणि ओलीत ठेवू नका म्हणून.

कपांचं उत्तर: नाही. भांडं सच्छिद्र राहतं, ग्लेझभर तडे असतात, त्यांत दूध-चहा मुरतो आणि धुऊन निघत नाही. तांब्याचं ग्लेझ आंबटाला तर अजिबात नको. जुन्या पाश्चात्त्य कृतींत शिशाचा सफेदा किंवा शेंदूर सापडेल, तो शिल्पालाही वापरू नका, भाजताना वाफ तुम्हीच घेणार. लेबलवर फ्रिट ‘लेड-फ्री’ लिहिलेलंच घ्या.

यावर कुणीतरी म्हणेल की जपानी लोक राकूच्याच वाडग्यातून चहा पितात. पितात. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चहागुरू सेन नो रिक्यूसाठी चोजिरोने ते वाडगे हाताने घडवले, आणि राकू घराणं आजही ते काम करतं. पण त्यात भुशाचं पिंप नाही. वाडगा लाल असताना काढून हवेतच निववतात. धुराचं प्रकरण १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॉल सोल्डनरने सुरू केलं, आणि आपण करतो ते हे दुसरं. धुराने काळं करणं आपल्याकडे परकं आहे असंही नाही. नागपूरजवळच्या माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या महापाषाणी (मोठे दगड रचून केलेल्या प्राचीन) दफनांत काळी-तांबडी भांडी निघाली आहेत, आत काळी, बाहेर तांबडी. भाजताना हवा कुठे पोहोचू द्यायची हे त्या कुंभारांना नेमकं कळत होतं.

गॅससाठी कमर्शियल सिलिंडर घ्या, घरगुती नको. गॅस जोरात ओढला की सिलिंडरवर बर्फ धरतो आणि दाब पडतो. घमेल्यात साधं पाणी घेऊन त्यात सिलिंडर उभा करा, गरम पाणी नको. काम दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत उरकून घ्या. फेब्रुवारीपासून तुमच्याकडे वणव्याचे दिवस, आणि तेव्हा तनसाच्या ढिगाजवळ ठिणगी म्हणजे अख्खं गाव अंगावर येणार. सुती कपडे, वेल्डरचे हातमोजे, केस बांधलेले, ओढणी बाजूला, पाण्याच्या दोन बादल्या. पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, धूर बघून लोक धावत येतात.

बैलाआधी वरच्या मिश्रणाच्या तळहाताएवढ्या फरश्या करा, चुऱ्याचं प्रमाण प्रत्येकीच्या पाठीवर कोरा, आणि लाल करून बाहेर काढा. ज्या तडकणार नाहीत त्यांचे पाठ-पोट दोन्हीकडून फोटो टाका, म्हणजे ग्लेझचं प्रमाण त्या मातीला धरून सांगता येईल.