एआय एजंटसाठी टूलचं डॉक्युमेंटेशन : यात नोकरी आहे का?

प्रश्न : मी बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथन बऱ्यापैकी येतं, पण कोडपेक्षा समजावून लिहायला जास्त आवडतं. एआय एजंटना, म्हणजे स्वतः टूल चालवून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामना, सॉफ्टवेअर टूल नीट वापरता यावीत म्हणून डॉक्युमेंटेशन लिहिणारी माणसं लागतात, असं ऐकलं. यात नोकरी आहे का? कोर्स कोणता करू? माझं इंग्रजी साधंच आहे.
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : या नावाने फ्रेशरची जाहिरात शोधत बसू नकोस, क्वचितच सापडेल. काम मात्र खरं आहे. टेक्निकल रायटर, एपीआय (दोन सॉफ्टवेअरमधला दुवा) तपासणारा टेस्टर, डेव्हलपर सपोर्ट अशा पदांवरच्या लोकांकडे ते येऊ लागलं आहे, तेव्हा अर्ज तिथेच कर. एक मात्र आधीच लक्षात घे : या कामात लिहिण्यापेक्षा तपासण्यात जास्त वेळ जातो.

माहिती अपुरी असली तर माणूस शेजारच्याला विचारतो, स्क्रीनवर खटपट करून पाहतो. एजंटपुढे बहुतेक वेळा टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटची जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा साचा) एवढंच असतं. तिथे जे लिहिलेलं नाही, ते तो अनेकदा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो.

रिफंडचंच घे. रेझरपे या ऑनलाइन पेमेंट सेवेच्या एपीआयमध्ये रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते. 500 रुपये म्हणजे 50000. त्यावर बेतलेल्या टूलच्या वर्णनात नुसतं ‘रक्कम’ लिहिलं, तर एजंट 500 पाठवू शकतो आणि ग्राहकाला मिळतात पाच रुपये. रक्कम पाठवलीच नाही, तर पूर्ण पेमेंट परत जातं, म्हणजे अंशतः रिफंड करायचा असताना नुकसान उलट्या बाजूने. म्हणून त्या फील्डपुढे असं हवं : ‘रक्कम पैशांत, पूर्णांक. 500 रुपयांसाठी 50000. ग्राहकाने रक्कम सांगितली नसेल तर आधी विचारा.’ शिवाय स्कीमातच फील्ड अनिवार्य कर. नुसता पूर्णांकाचा नियम पुरत नाही, कारण 500 हाही पूर्णांकच. फील्डच्या नावातच ‘पैसे’ हे एकक घातलं, तर चूक बरीच कमी होते.

तारखेचंही तसंच. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? वर्ष-महिना-दिवस हा क्रम आणि +05:30 हा भारतीय वेळेचा जागतिक वेळेपासूनचा फरक लिहूनच टाकायचा. ‘ऑर्डर शोधा’ आणि ‘ऑर्डरची यादी’ अशी दोन सारखी टूल असतील, तर कोणतं कधी वापरायचं नाही, हेही लिही. हे वाक्य बहुतेक जण विसरतात.

एरर मेसेज हासुद्धा डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे. ‘अवैध विनंती’ एवढंच आलं, तर एजंट तीच विनंती पुन्हा पाठवत राहू शकतो. ‘तारीख भविष्यातली आहे, आजची किंवा त्याआधीची द्या’ असं आलं की तो अनेकदा स्वतःच सुधारतो. टाइमआउट झाल्यावर, म्हणजे वेळेत उत्तर न आल्यावर, विनंती पुन्हा पाठवणं सुरक्षित आहे का, हे पैशांच्या टूलमध्ये स्पष्ट हवं, नाहीतर एकच रिफंड दोनदा जायचा. मात्र धोकादायक कृती रोखायचं काम वर्णनावर सोडू नये. ‘परवानगीशिवाय डिलीट करू नका’ ही सूचना झाली. परवानगी तपासायची ती कोडमध्येच. आणि सगळंच लिहायच्या नादात पानभर वर्णन करू नकोस. चाळीस टूलची लांबलचक वर्णनं एकत्र आली की कामाचं वाक्य त्यात बुडतं.

आता तपासणी. ग्राहक बोलतील तशी वीस वाक्यं लिही. काही अर्धवट, काही मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळलेली, आणि दोन-तीन अशी की ज्यांना कोणतंच टूल लागत नाही. उत्तर दर वेळी सारखं येत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य एजंटला पाच वेळा देऊन पाहा. कोणतं टूल निवडलं आणि कोणती मूल्यं भरली, ते एक्सेलमध्ये नोंदव. वर्णनात एका वेळी एकच बदल कर, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. पाच वाक्यं बाजूला ठेवून शेवटीच वापर; नाहीतर वर्णन त्याच वीस वाक्यांपुरतं बेतलं जातं.

‘प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग’च्या महागड्या सर्टिफिकेटवर पैसे घालवू नकोस. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळायला), मार्कडाउन (मजकूर मांडायला), पोस्टमन (एपीआय तपासायला), जेसन स्कीमा आणि ओपनएपीआय (एपीआयचं वर्णन लिहायचा ठरलेला नमुना) एवढं आधी शीक. रोज दोन तास दिलेस तर एका सेमिस्टरमध्ये होण्याजोगं आहे. मग मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला बाहेरच्या टूलशी जोडायची खुली पद्धत. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. त्याचं पायथनमधलं किट मोफत आहे, आणि इन्स्पेक्टर नावाच्या साधनाने टूल हाताने चालवून पाहता येतं.

कॉलेजच्या ग्रंथालयासाठी याच प्रोटोकॉलवर तीन टूलचा छोटा सर्व्हर कर : पुस्तक शोधणं, उपलब्धता पाहणं, मुदत वाढवणं. पहिली दोन फक्त वाचणारी, तिसरं नोंद बदलणारं. हा फरक वर्णनात दिसू दे. वर्णनाची पहिली आणि सुधारलेली आवृत्ती, सोबत चाचणीचा तक्ता, असं सगळं गिटहबवर ठेव आणि ती लिंक बायोडेटात अगदी वर दे. मुलाखतीत बहुधा त्या तक्त्यावरच प्रश्न येतील.

इंग्रजीचं दडपण नको. इथे आठ-दहा शब्दांची, एकच अर्थ निघणारी वाक्यं लागतात, आणि एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच शब्द. आधी ‘कस्टमर’ आणि पुढे ‘युजर’ लिहिलं, तर एजंट त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती समजू शकतो.