इंग्लंडमध्ये मंडळाच्या पार्टीत बार लावायचा आहे. कौन्सिलकडून दारूविक्रीचं लायसन्स कसं काढायचं?

तुम्ही लिहिलंय की ३१ डिसेंबरच्या रात्री शाळेचा हॉल भाड्याने घेऊन तुमचा ग्रुप पार्टी करणार आहे, साधारण ३०० माणसं येतील, आणि बारवर बिअर, वाइन नि थोडी व्हिस्की विकायची आहे. ग्रुपमध्ये कुणाकडेच दारूविक्रीचं लायसन्स नाही आणि कौन्सिलच्या साइटवर नेमका कुठला फॉर्म भरायचा ते कळत नाही.

एवढ्या कार्यक्रमाला पूर्ण लायसन्स लागत नाही. २००३ च्या लायसन्सिंग कायद्यात इंग्लंड आणि वेल्ससाठी टेंपररी इव्हेंट नोटीसची, म्हणजे तात्पुरत्या कार्यक्रमाच्या नोटिशीची सोय आहे, तिला आद्याक्षरांवरून (TEN) सगळे ‘टेन’ म्हणतात. फी २१ पौंड. देणारी व्यक्ती १८ वर्षं पूर्ण झालेली हवी, बाकी कोर्स, परीक्षा, पर्सनल लायसन्स (दारूविक्रीसाठी माणसाच्या नावाचा परवाना) यातलं काही लागत नाही. मंडळाच्या नावाने टेन देता येत नाही, ती एका माणसाच्या नावाने जाते आणि त्या रात्रीची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर असते. म्हणून नाव अशाच माणसाचं घाला जो त्या रात्री हॉलवर हजर असेल आणि बार बंद करा म्हटल्यावर ज्याचं सगळे ऐकतील. ‘अध्यक्ष आहेत म्हणून त्यांचं नाव’ असं करू नका.

फॉर्मच्या आधी हॉलवाल्यांना फोन करा. दोन गोष्टी विचारायच्या. हॉलला स्वतःचं प्रिमायसेस लायसन्स, म्हणजे जागेचा परवाना, आहे का, आणि असलं तर त्यात दारूविक्री आहे का, किती वाजेपर्यंत? असेल आणि वेळ पुरत असेल, तर त्यांच्या नेमलेल्या सुपरवायझरच्या परवानगीने त्याच लायसन्सवर तुमचा बार चालू शकतो, टेनची गरजच पडत नाही. दुसरं, भाडेकरारात दारूबद्दल काय लिहिलंय? शाळा, चर्च आणि ट्रस्टच्या हॉलच्या करारात बंदीचं कलम सर्रास असतं. टेन मिळाली म्हणून ते कलम रद्द होत नाही. कौन्सिलच्या पार्कात किंवा मैदानात कार्यक्रम असेल तर जागा देणारा विभाग वेगळा आणि लायसन्सिंग विभाग वेगळा, दोघांशी स्वतंत्र बोलावं लागतं.

‘आम्ही विकत नाही, तिकिटातच दोन ड्रिंक देतो’ हा युक्तिवाद खूप ऐकू येतो. तो चालत नाही. तिकिटाच्या पैशात ड्रिंक धरलं असेल तर ती विक्रीच. ‘डोनेशन’चा डबा ठेवला आणि पैसे टाकल्याशिवाय ग्लास मिळत नसेल तर तीही विक्रीच. खरोखर फुकट दिलेली दारू, किंवा लोकांनी स्वतःची आणून प्यायलेली, यात विक्री नाही. विनापरवाना विक्रीला सहा महिन्यांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २१ पौंडांसाठी ही जोखीम घेण्यात काहीही अर्थ नाही.

आता खरी मेख: दिवस मोजणं. माझ्या मते टेन अडण्याचं सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण हेच आहे. साधी टेन कार्यक्रमाच्या आधी निदान १० पूर्ण कामकाजाचे दिवस कौन्सिलला पोचली पाहिजे. नोटीस पोचली तो दिवस धरायचा नाही, कार्यक्रमाचा दिवसही धरायचा नाही, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे वगळायचे. तुमच्याच तारखेवर मोजून दाखवतो. ३१ डिसेंबर २०२६ ला गुरुवार आहे. मागे चला: ३० आणि २९ हे दोन दिवस. २८ तारखेचा सोमवार बँक हॉलिडे, कारण बॉक्सिंग डे (२६ डिसेंबर) शनिवारी येतो आणि त्याची सुट्टी सोमवारी दिली जाते. २५ ला ख्रिसमस. मग २४, २३, २२, २१ असे सहा झाले. त्याआधीच्या आठवड्यातले १८, १७, १६ आणि १५ धरून दहा. म्हणजे नोटीस सोमवार १४ डिसेंबरपर्यंत पोचलीच पाहिजे. ‘दोन आठवडे आधी’ अशा अंदाजाने १७ तारखेला पाठवलीत तर ती साध्या टेनमध्ये बसत नाही.

मग उरते लेट टेन, म्हणजे पाच ते नऊ कामकाजाचे दिवस आधी दिलेली. तुमच्या तारखेला तिची शेवटची मुदत सोमवार २१ डिसेंबर. फी तीच, फॉर्म तोच, पण फरक मोठा आहे. साध्या टेनवर पोलिसांनी किंवा एन्व्हायर्न्मेंटल हेल्थने (आवाज, उपद्रव वगैरे बघणारा कौन्सिलचा विभाग) हरकत घेतली तर बोलणी करता येतात, वेळ किंवा संख्या बदलून तोडगा काढता येतो, नाहीतर कौन्सिलसमोर सुनावणी होते. लेट टेनवर दोघांपैकी एकानेही हरकत घेतली की विषय संपला. सुनावणी नाही, कौन्सिल काउंटर नोटीस, म्हणजे मनाईची नोटीस काढते आणि बार लागत नाही. थर्टी फर्स्टसारख्या रात्रीसाठी लेट टेनवर विसंबू नका. हॉल बुक झाला की त्याच आठवड्यात साधी टेन देऊन टाका.

द्यायची कशी, तर ऑनलाइन. ज्या कौन्सिलच्या हद्दीत हॉल आहे तिच्याकडे, तुम्ही जिथे राहता तिच्याकडे नाही. शहरांच्या सीमेवर हे हमखास चुकतं, हॉलचा पोस्टकोड टाकून कौन्सिल तपासा. ऑनलाइन दिली की पोलीस आणि एन्व्हायर्न्मेंटल हेल्थकडे प्रत पाठवणं कौन्सिलचं काम. पोस्टाने दिलीत तर दोघांनाही तुम्हीच पाठवायची, आणि त्या प्रतीही मुदतीत पोचाव्या लागतात. पोस्टाचा नाद सोडा.

फॉर्ममध्ये नाव, पूर्वीचं नाव असल्यास ते, जन्मतारीख, जन्मस्थान, नॅशनल इन्शुरन्स नंबर, पत्ता लागतो. हे सोपं. काळजी पुढच्या रकान्यांत घ्यायची.

माणसांची संख्या: कायद्याची मर्यादा एका वेळी ४९९, आणि त्यात सगळे येतात. पाहुणे, लहान मुलं, डीजे, केटररची माणसं, पार्किंगवर उभे असलेले स्वयंसेवक, तुम्ही स्वतः. ३०० तिकिटं विकणार असाल तर ३०० लिहू नका, बाकीच्यांचा हिशोब करून ३४०-३५० लिहा. जो आकडा लिहाल तोच त्या रात्रीची मर्यादा ठरतो. मात्र हॉलच्या फायर कपॅसिटीपेक्षा (आगीच्या सुरक्षेसाठी ठरलेल्या माणसांच्या मर्यादेपेक्षा) जास्त लिहिलंत तर हरकत ओढवून घ्याल.

वेळ: पार्टीची लिहायची नाही, विक्रीची आणि इतर परवान्याच्या गोष्टींची लिहायची, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे. समजा १९.०० ते ००.३०. तारखांत ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी दोन्ही आले पाहिजेत. नुसतं ३१ डिसेंबर लिहून पुढे ००.३० टाकलं की तिकडून खुलाशाचा फोन येतो आणि तेवढे दिवस जातात.

कशाकशासाठी: दारूविक्रीच्या खुणेबरोबर मनोरंजन आणि रात्रीचं खाणंपिणं या दोन्हींवरही खूण करा. रात्री ११ नंतर मोठ्या आवाजातलं संगीत आणि नाच परवान्याखाली येतात. रात्री ११ ते पहाटे ५ गरम पदार्थ किंवा गरम पेय विकायलाही परवानगी लागते. बारा वाजून गेल्यावर चहा आणि बटाटेवडे ठेवणार असाल तर हे तुम्हाला लागू आहे. जास्तीच्या खुणांना जास्तीची फी नाही.

पिण्याची जागा: ‘तिथेच पिण्यासाठी’ एवढंच घेतलंत तर बंद बाटली घरी न्यायला विकता येणार नाही. बहुतेकांना तेवढंच पुरतं, आणि पोलिसांनाही तेच बरं वाटतं.

कार्यक्रमाचं स्वरूप: इथे एक ओळ लिहून थांबू नका. ‘निमंत्रित सभासद आणि कुटुंबीय, जेवण, संगीत, तिकिटं आधीच विकलेली, दारात विक्री नाही’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. नुसतं ‘न्यू इयर पार्टी, डीजे’ वाचून त्याच्या मनात वेगळंच चित्र उभं राहतं.

नोटीस पोचल्यावर पोलीस आणि एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ यांना हरकतीसाठी तीन कामकाजाचे दिवस असतात. हरकत चारच कारणांवर घेता येते: गुन्हे आणि दंगा, लोकांची सुरक्षा, शेजाऱ्यांना उपद्रव, मुलांचं संरक्षण. निवासी भागातल्या शाळेच्या हॉलला उपद्रवाचं कारण पहिलं येतं, म्हणजे आवाज. यावर उपाय नोटीस देण्याआधीचा आहे. एन्व्हायर्न्मेंटल हेल्थला ईमेल करून कळवा की स्पीकर कुठल्या दिशेला असतील, संगीत किती वाजता बंद होईल, दारं-खिडक्या बंद राहतील का, टॅक्सी कुठे थांबतील, शेजाऱ्यांना कुणाचा फोन नंबर दिलाय. ढोल-ताशा ठेवणार असाल तर तो संध्याकाळी आणि हॉलच्या आत, हे स्पष्ट लिहा. त्यांनी तरीही ००.३० ऐवजी ००.१५ म्हटलं तर मान्य करून टाका. पंधरा मिनिटांसाठी सुनावणीला जाणं परवडत नाही.

वार्षिक मर्यादाही बघून ठेवा. पर्सनल लायसन्स नसलेल्या माणसाला वर्षात पाच टेन देता येतात, त्यातल्या लेट दोनच. एका जागेला वर्षात १५ टेन आणि एकूण २१ दिवस. शाळेचा हॉल लोकप्रिय असेल तर डिसेंबरपर्यंत हा कोटा संपलेला असू शकतो, आणि मग हरकत नसतानाही नोटीस फेटाळली जाते. हॉलवाल्यांना हे विचारा, त्यांना माहीत नसेल तर कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागाला. मध्यरात्र ओलांडणारा कार्यक्रम दोन दिवस धरला जातो, आणि थर्टी फर्स्टचा तर दोन्ही वर्षांच्या कोट्यात मोजला जातो. म्हणजे तुमच्या पुढच्या वर्षीच्या पाचातली एक १ जानेवारीलाच वापरली गेली. त्याच हॉलसाठी नवऱ्याने दिलेली आणि बायकोने दिलेली टेन वेगळी मोजत नाहीत, जवळच्या नातेवाइकांच्या एकत्र धरतात, तेव्हा तो मार्ग बंद आहे.

आता बारबद्दल, कारण कागद नीट असूनही इथे चुका होतात. मापांचा कायदा एका रात्रीच्या बारलाही लागू आहे. व्हिस्की, जिन, रम, व्होडका २५ किंवा ३५ मिलीच्या (किंवा त्यांच्या पटीतल्या) मापानेच द्यायची. दोन्हींपैकी एक ठरवा आणि ते माप बारवर लिहून लावा. अंदाजाने ओतलेला ‘पेग’ बेकायदा आहे. ७० सेंटिलिटरच्या बाटलीतून २५ मिलीचे २८ पेग होतात, ३५ चे २०. ग्लासातली वाइन १२५ किंवा १७५ मिली: ७५० च्या बाटलीतून १२५ चे बरोबर सहा, १७५ चे चार आणि थोडी उरते. स्वयंसेवकांचा बार असेल तर माझा सल्ला आहे की बिअर कॅनमध्ये किंवा बाटलीतच विका, वाइनसाठी रेघ असलेले ग्लास आणा, आणि व्हिस्कीवर एकच अनुभवी माणूस ठेवा. भावफलक लावा. सगळा माल इथल्या दुकानातून किंवा घाऊक विक्रेत्याकडून पावतीसकट घ्या. विमानतळावरच्या ड्यूटी फ्री बाटल्या बारवर विकायच्या नाहीत, त्यावर इथला कर भरलेला नसतो.

१८ खालच्याला विक्री नाही. २५ खालचा वाटला की ओळखपत्र मागायचं: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ‘पास’ (PASS) या वयाच्या पुराव्याच्या योजनेचा होलोग्राम असलेलं कार्ड. आपल्या कार्यक्रमांत अडचण वेगळीच असते. ओळखीचे काका येतात, दोन बिअर घेतात आणि एक सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात देतात. मुलासाठी दारू विकत घेणं हा घेणाऱ्याचा गुन्हा आहे, आणि ठाऊक असताना दिलीत तर तुम्हीही अडकता. बारवर उभ्या असलेल्या पोरांना मोठ्यांना नाही म्हणायला अवघड जातं, म्हणून तिथे निदान एक वयाने मोठी, ठाम व्यक्ती हवी. झिंगलेल्या माणसाला आणखी देणं हाही गुन्हा, मग तो कितीही जवळचा असो. ज्यांना नाकारलं त्यांची वेळेसह वहीत नोंद ठेवा.

टेनची प्रत हॉलमध्ये दिसेल अशी लावा, किंवा नोटीस देणाऱ्याने जवळ ठेवावी. ती दुसऱ्या कुणाकडे सोपवली असेल तर त्याचं नाव लिहून लावा. पोलीस आणि कौन्सिलचे अधिकारी येऊन बघू शकतात. शेवटची ऑर्डर ००.१० ला जाहीर करा आणि ००.३० ला गल्ला बंद. त्यानंतर हातातला ग्लास संपवायला हरकत नाही, विकायला आहे.

संख्या ४९९ च्या वर जाणार असेल तर टेन सोडून प्रिमायसेस लायसन्सकडे वळावं लागतं. ते ठरावीक तारखांपुरतंही काढता येतं, पण त्यात २८ दिवसांची हरकतीची मुदत, जागेवर फिकट निळ्या कागदावरची सूचना, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात, जागेचा नकाशा आणि पर्सनल लायसन्स असलेला सुपरवायझर हे सगळं येतं. तीन-चार महिने हाताशी ठेवा. दरवर्षी दोन-तीन कार्यक्रम करणार असाल तर ग्रुपमधल्या एकाने लेव्हल २ चा कोर्स करून पर्सनल लायसन्स काढलेलं बरं. त्याची फी ३७ पौंड, कोर्सचे पैसे वेगळे, बेसिक क्रिमिनल रेकॉर्ड सर्टिफिकेट एक महिन्याच्या आतलं लागतं, आणि आता त्याला मुदतही नसते. त्या माणसाला वर्षात पाचऐवजी ५० टेन देता येतात.

स्कॉटलंडला हे काहीही लागू नाही. तिथे कायदा वेगळा आहे आणि ऑकेजनल लायसन्स काढावं लागतं.