चूक माझी, नुकसान किरकोळ: विमा कंपनीला कळवायचं का?

तुमच्या गाडीचा मागून हलकासा धक्का लागला, पुढच्या गाडीच्या बंपरला ओरखडा आला, चूक तुमचीच. समोरचे म्हणतायत, 'कंपनीला कशाला मध्ये आणायचं, आपसात मिटवू.' अशा वेळी कंपनीला कळवावं का, हा तुमचा प्रश्न.

माझं मत ठाम आहे: कळवा, आणि आजच कळवा.

कळवणं वेगळं आणि क्लेम करणं वेगळं. अपघाताची नुसती माहिती देऊन 'सध्या क्लेम करत नाही' असं सांगता येतं. क्लेमचा निर्णय नंतर हिशेब करून घ्या. तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च पॉलिसीप्रमाणे तुम्हाला स्वतः सोसाव्या लागणाऱ्या रकमेच्या आसपासच असेल, तर क्लेम करून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, घालवण्यात अर्थ नाही. नुसत्या माहितीनेही काही ठिकाणी प्रीमियम वाढू शकतो, हे खरं आहे. तरीही कळवा.

कारण दुसऱ्याचं नुकसान किती, हे आज रस्त्यावर उभं राहून कळत नाही. प्लास्टिकचा बंपर दाबला जाऊन पुन्हा आकारात येतो, पण त्याच्यामागचा धक्का शोषणारा फोम, ब्रॅकेट, सेन्सर यांचं काय झालं ते बंपर उतरवल्यावरच दिसतं. माणसाचंही तसंच. मान आखडणं, दुखणं अनेकदा काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं. आज 'काही नाही झालं' म्हणणारा माणूस प्रामाणिक असतो, आणि पुढच्या आठवड्यात भरपाई मागणाराही तोच प्रामाणिक माणूस असू शकतो.

तेव्हा तुम्ही कंपनीकडे धावलात, तर पहिला प्रश्न येईल: इतके दिवस का नाही सांगितलं? अपघात झाल्यावर लवकरात लवकर कळवा, ही अट बहुतेक पॉलिसींत असते. आमच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नका, पैसे देण्याचं वचन देऊ नका, हेही बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत आणि रस्त्यावरच शब्द देऊन बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून समोरच्यांना पैसे देण्याआधी कंपनीशी बोला. दोन्ही गाड्यांचे फोटो, नंबर, वेळ, जागा नोंदवून ठेवा. त्यानंतरही आपसात मिटवायचं ठरलं, तर रक्कम आणि 'यापुढे मागणी नाही' हे त्यांच्या सहीनिशी लिहून घ्या. दुखापतीचा नुसता संशय असला, तरी मात्र आपसात मिटवूच नका.

स्वतःच्याच फाटकाला गाडी घासली असती, तर मी इतका आग्रह धरला नसता. तेव्हाही पॉलिसीतली अट एकदा वाचायला सांगितलंच असतं.