तिंगळु हा शब्द संस्कृतातून आलेला नाही

निरनिराळ्या भाषांतील चंद्राची नावे कशी तयार झाली आणि ती सगळी मुळात संस्कृतातलीच आहेत का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते मी ठामपणे देतो, कारण याच मुद्द्यावरून एका कोजागरीला आमच्या गच्चीवर वाद झाला होता.

बेळगावात शहापूरला आमच्या शेजारी एक कन्नडभाषक अज्जी राहत. तिंगळु हा शब्द मला लहानपणापासून त्यांच्याच तोंडून माहीत होता, पण केवळ महिना या अर्थाने. दुधाचे खाडे त्या कॅलेंडरवर मांडत आणि महिनाअखेरीस ‘ई तिंगळ हालिन लेक्क’, म्हणजे या महिन्याचा दुधाचा हिशेब, असे म्हणून ते पान गवळ्यापुढे धरत. त्या कोजागरीला आटीव दुधात चंद्र दिसावा म्हणून आईने पातेले कठड्याच्या सावलीतून बाहेर सरकवले, तेव्हा अज्जी वर पाहून म्हणाल्या, ‘एंथा बेळदिंगळु!’ केवढे हे चांदणे! बेळ म्हणजे शुभ्र आणि दिंगळु म्हणजे संधीत ‘त’चा ‘द’ झालेले तिंगळु. हिशेबातला शब्द मला आकाशात सापडला आणि मी हरखून सगळ्यांना सांगू लागलो. थोरले काका मात्र म्हणाले की शब्द सारे संस्कृतातूनच निघाले, कानडीत ते बिघडले एवढेच. अज्जी काही न बोलता दुधाचा पेला तसाच ठेवून उठल्या. मला तेव्हा उत्तर देता आले नाही, याची सल अजून आहे.

उत्तर असे होते की तिंगळु हा द्राविडी शब्द आहे. तमिळमध्ये तिंगळ म्हणजे चंद्र, महिना आणि सोमवारही. तेलुगूत नेल म्हणजे महिना आणि वेन्नेल म्हणजे चांदणे. या भाषांचे कुळ वेगळे असल्याचे मद्रासमध्ये फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी 1816 साली मांडले आणि रॉबर्ट काल्डवेल यांनी 1856 साली त्यांचे तौलनिक व्याकरणच प्रसिद्ध केले. उलट आपला ‘चंद्र’ मुळात विशेषण आहे, चमकणारा या अर्थाचे. चंद्राचे जुने नाव मास्, त्यावरून चंद्रमस्. फारसी माह आणि इंग्रजी मून ही त्याचीच भावंडे, आणि मराठीतला महिना फारसीच्याच वाटेने आला. लॅटिन लूना आणि ग्रीक सेलेनी या दोन्ही नावांच्या मुळाशी प्रकाश आहे.

म्हणून घरातले कोणी ‘हा शब्द आमचाच’ म्हणाले, तर शेजारच्या भाषांत त्याची भावंडे आधी शोधा आणि वडीलधाऱ्यांसमोरही स्पष्ट बोला. दोन कुळांनी चंद्रावरून महिना मोजला, यासाठी एकाने दुसऱ्याकडून शब्द घ्यावा लागत नाही.

एक मात्र मान्य केले पाहिजे. आजच्या कन्नडमध्ये ‘चंद्र’ सर्रास वापरतात आणि तो शब्द संस्कृतातूनच आलेला आहे. तेवढ्यापुरते काका बरोबर होते. पण तिंगळु त्यांनी संस्कृतात ओढायला नको होता, आणि अज्जींसमोर तर नकोच.