४५ कोल्टला किती ग्रेनची गोळी घ्यावी? १६०, २०० की २५०?

तुमचं म्हणणं असं की १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या दोन रेप्लिका आहेत, जोडीला ७३ विंचेस्टरची रेप्लिका रायफल, तिन्ही ४५ कोल्ट याच काडतुसाच्या, काउबॉय मॅचसाठी (जुन्या धाटणीच्या बंदुकांची नेमबाजी स्पर्धा) काडतुसं घरीच भरायचीत, आणि वहिनींचं मनगट दुखतं म्हणून सगळ्यात हलकी १६० ग्रेनचीच गोळी घ्यावी का. माझं उत्तर: १६० नको, २०० घ्या. का ते सांगतो, जरा लांबेल.

ग्रेन हे वजनाचं इंग्रजी माप, पण ते म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काहीच येत नाही, म्हणून मी तोळ्यात मोजतो. इंग्रजांच्या काळचा तोळा बरोब्बर १८० ग्रेनचा, आताच्या सराफाचा १० ग्रॅमवाला नव्हे. ४५ कोल्टची मूळची गोळी २५५ ग्रेनची, म्हणजे दीड तोळ्याला थोडी कमी. ४५-७० रायफलची ४०५ ग्रेनची, म्हणजे चक्क सव्वादोन तोळे शिसं! आणि तुमची १६० वाली तोळाभरही भरत नाही, ठेंगणी दिसते ती.

हे ठेंगणेपणच नडतं. मीपण सुरुवातीला हौसेने १६० च्या पाचशे गोळ्या आणल्या, भरल्या, रिव्हॉल्व्हरमध्ये एकदम मस्त, आणि इथे अ‍ॅरिझोनात मॅचला तिसऱ्याच शॉटला रायफलचा लिव्हर अर्ध्यात अडकला. टायमर चालू, मागे सगळे बघतायत, आणि मी खटखट करतोय. ७३ मध्ये नळीखालच्या मॅगझिनमधून काडतूस मागे कॅरिअरमध्ये येतं आणि कॅरिअर लिफ्टसारखा सरळ वर जातो. काडतूस आखूड असेल तर उरलेल्या जागेत पुढच्या काडतुसाचा बूड घुसतो आणि लिफ्ट अडते. लांब झालं तर टोक मॅगझिनमध्ये राहतं, परत तेच. रिव्हॉल्व्हरला यातलं काहीच कळत नाही, म्हणून वजन ठरवताना आधी रायफलला विचारायचं. आणि गोळी चपट्या नाकाचीच घ्या, मॅगझिनमध्ये एका गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरला (ठिणगी पाडणाऱ्या टिकलीला) टेकलेलं असतं, तिथे टोकदार म्हणजे संकट.

आता झटक्याचं. मॅचच्या नियमात वजन गुणिले वेग भागिले १००० हा आकडा कमीत कमी ६० लागतो. २५० ग्रेन ७०० फूट सेकंदाने गेली तर १७५ येतात, २०० ला १४०, १६० ला ११२. म्हणजे २०० घेऊनही तुम्ही मर्यादेच्या कितीतरी वर आहात, वेग थोडा उतरवायलाही जागा आहे. २५० वरून २०० वर आल्यावरच हाताला फरक कळतो हो, वहिनींना आधी तेवढंच देऊन बघा.

हलक्या गोळीचं अजून एक दुखणं म्हणजे काजळी. प्रेशर पुरेसं बनत नाही, मग पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) फुगून चेंबरला घट्ट बसत नाही आणि धूर मागे येतो, दहा शॉटमध्ये रायफलचं पोट तव्यासारखं काळं. ४४-४० या दुसऱ्या काडतुसाची पुंगळी तोंडाशी पातळ, ती छान बसते, पण तुम्ही ४५ घेऊन बसलात, आता काय!

आणि हे नीट वाचा. ही ४५ कोल्टची पुंगळी बंदुकीच्या ४० ग्रेन काळ्या दारूसाठी केलेली, आजची बिनधुराची दारू तिच्यात तळाशी चिमूटभर दिसते. चुकून दोनदा पडली तरी वर येत नाही, गोळी गपचूप बसते, आणि मग सिलिंडरच फुटतो. मी पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने एकेकीत डोकावतो, बायको म्हणते इतकं लक्ष कधी वरणाकडे दिलं नाहीस. दारू किती ते मी सांगणार नाही, तुमच्या त्याच गोळीसाठी मॅन्युअलमध्ये असेल तेच.

साइटचं फार डोक्यात घेऊ नका. कोल्टची साइट हलवता येत नाही, जड संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर नळी उचलली जाते, म्हणून ती वर लागते आणि हलकी खाली. पण मॅचमध्ये रिव्हॉल्व्हरचं टार्गेट ७-१० यार्डांवर, तेही परातीएवढं, तिथे इंचभराने काही बिघडत नाही. लांब पल्ल्याच्या रायफलचं गणित वेगळं, तिथे नळीतले आटे किती इंचात एक फेरा घेतात ते बघायचं. ४४-४० विंचेस्टरला ३६ इंच, त्यात लांबलचक जड गोळी डगमगते, ४५-७० च्या ट्रॅपडोअर रायफलला २२, म्हणून ती सव्वादोन तोळे पेलते.

(पुण्याहून एकाने विचारलंय तिकडे घरी भरता येईल का. नको रे बाबा, लायसनशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.)

एकदम पाचशे घेऊ नका, माझी ती राहिलेली पेटी अजून गॅरेजात आहे. २०० च्या शंभर मागवा, त्यातली दहा काडतुसं दारू आणि प्रायमर न घालता बनवा, क्रिंप करा (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळा), रायफलमध्ये भरून लिव्हर सावकाशही चालवा आणि जोरातही. दहाच्या दहा सुरळीत बाहेर आली की कॅलिपरने लांबी मोजून डायच्या (काडतूस भरायच्या साच्यांच्या) डब्यावर मार्करने लिहून ठेवा.