जुन्या टीव्हीवरचा आयप्लेयर बंद पडला, आता नवीन टीव्ही घ्यायचा का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घरचा स्मार्ट टीव्ही दहाएक वर्षांचा, पिक्चर अजून एकदम क्लिअर. पण गेल्या महिन्यापासून बीबीसी आयप्लेयर (बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवरून बघायचं अ‍ॅप) उघडला की या टीव्हीवर आता चालणार नाही असा मेसेज येतो. सासूबाई रोज दुपारी त्यावर बागकामाचे कार्यक्रम बघतात, मोबाईलवर त्यांना दिसत नाही. टीव्हीची लायसन्स फी, जिच्यातून बीबीसीला पैसे मिळतात, ती तर आम्ही भरतोच, मग असं का?

उत्तर: ताई, टीव्ही टाकू नका, तो चांगलाच आहे. प्रत्येक कंपनीच्या टीव्हीतलं ब्राउझर आणि सॉफ्टवेअर वेगळं, त्यामुळे तेच अ‍ॅप शेकडो मॉडेल्सवर टेस्ट करत बसावं लागतं, आणि कंपनीने जुन्या मॉडेलला अपडेट देणं थांबवलं की नवीन व्हिडिओ फॉरमॅट नाही तर सुरक्षेची सर्टिफिकेटं त्याला झेपत नाहीत, मग अ‍ॅप काढून घेतात.

तुमचा फीचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि तो जुना आहे. जुलै 2007 मध्ये आयप्लेयरचा बीटा, म्हणजे चाचणीचं व्हर्जन, आला तो फक्त विंडोज एक्सपीवर, तेव्हा मॅक आणि लिनक्सवाले हेच म्हणाले की पैसे आम्हीपण भरतो. तेव्हा बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टनेही सगळ्या प्लॅटफॉर्मवर द्या असं बजावलं होतं, दर 6 महिन्यांनी आढावा ठेवून. डिसेंबरात ब्राउझरमधलं स्ट्रीमिंग आलं, मग 2008 मध्ये आयफोन आणि निन्टेन्डो वी या गेम कन्सोलवर आलं. लोकांनी आवाज उठवला म्हणून हे झालं असं मला मनापासून वाटतं. 1 सप्टेंबर 2016 पासून तर आयप्लेयर बघायलाच लायसन्स लागतं, मग निदान टीव्ही बाद होण्याआधी काही महिने स्क्रीनवर सांगायला हवं. बीबीसीला तक्रार जरूर करा, मॉडेल नंबर टाकून.

तोवर टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे का बघा, त्यात फायर टीव्ही किंवा रोकूची स्टिक लावा, म्हणजे टीव्हीवर अ‍ॅप चालवणारं छोटं उपकरण. स्टिकची पॉवरची वायर टीव्हीच्या यूएसबीत नको, भिंतीतल्या प्लगलाच द्या, जुन्या टीव्हीची यूएसबी कमी करंट देते आणि स्टिक मधेच रीस्टार्ट होत राहते. पहिल्यांदा लॉगिन तुम्हीच करून द्या आणि आयप्लेयर होम स्क्रीनवर सगळ्यात पुढे आणून ठेवा, म्हणजे सासूबाईंना रिमोटची दोन-तीन बटणंच दाबावी लागतील.